ताड आटले त्या साली

मागच्या हिवाळ्यात आमच्या साहेबांना सर्दी झाली. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मी गेली कित्येक वर्षं प्रयोगशाळेत नमुने तपासते, तिथले हे साहेब. नाक लाल, घसा बसलेला, तरी काचेच्या दारातून डोकं आत घालून म्हणाले, "आज घरी जाऊन हॉट टॉडी घेतो. उद्या ठणठणीत."

माझ्या हातात नमुन्याची बाटली होती, ती मी खाली ठेवली. टॉडी, आणि गरम? मग साहेबांनी मला समजावून सांगितलं की गरम पाण्यात थोडी व्हिस्की, मध आणि लिंबू घालून जे करतात त्याला टॉडी म्हणतात, थंड देशांतलं घरगुती औषध आहे ते. मी मान डोलावली. पण ते गेल्यावर एकटीच हसत बसले. तो शब्द आमच्या घरातला होता. गोऱ्या लोकांनी तो इथून उचलून नेला, वाटेत त्यातला ताड कुठेतरी टाकून दिला, आणि आता तो साहेबांच्या सर्दीवर परत आला होता.

त्या रविवारी मी पालघरजवळच्या माहीमला, गावी, आईबाबांकडे गेले तेव्हा आल्याआल्या ही बातमी दिली. बाबा ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. पंधराव्या वर्षापासून ताडावर चढून ताडी काढायचं काम केलं, दुसरं जवळजवळ काही केलंच नाही.

"बाबा, तुमची ताडी विलायतेला जाऊन गरम झाली."

"गरम?" बाबांचा हात थांबला. "कोन पितो गरम?"

"गोरे लोक. सर्दी झाल्यावर."

"सर्दी नाय ती. डोक्यात कायतरी झालं आसल त्यांच्या," असं म्हणून बाबा पुन्हा धार लावायला लागले.

मला शब्दांची खोड लहानपणापासून आहे. रागाचीही आहे. आई म्हणते, दोन्ही बापाकडून आलं, पण बाबांना शब्दांशी काही देणंघेणं नाही, तेव्हा त्यांच्याकडून फक्त राग आला असावा. शाळेच्या ग्रंथालयात एक जाडजूड शब्दकोश होता. त्यात मी सगळ्यात आधी आमचा शब्द शोधला होता. ताडी म्हणजे ताडाच्या झाडापासून निघणारा मादक रस, एवढंच. त्याच्याआधी ताड, त्याच्याही आधी संस्कृतातला ताल. जुन्या पोथ्या ताडपत्रावर लिहायचे, म्हणजे याच झाडाच्या पानांवर, हे मला तिथेच कळलं आणि फार बरं वाटलं. पण अर्थाचा अर्धा भाग चुकीचा होता, हे मला दहाव्या वर्षीही ठाऊक होतं. झाडातून निघतो तेव्हा तो रस मादक नसतो. पहाटे उतरवलेल्या मडक्यातला रस उसासारखा गोड लागतो, आणि लहान मुलं तो पेलाभर पिऊन शाळेत जातात. ऊन चढलं की तो फेसाळतो. दुपारी जिभेला चावतो. संध्याकाळी तो पिऊन माणसं भांडतात किंवा रडतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच आंबट होऊन माशाच्या कालवणात पडतो. शब्दकोशवाल्यांनी ताडी बहुतेक संध्याकाळीच पाहिली असावी.

आमच्या घरात तिला वेगवेगळी नावं नव्हती. 'सकाळची', 'दुपारची' आणि 'कालची' एवढ्यावर भागायचं. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, दिवसभर गोड राहतो, आणि बाहेरचे लोक त्याला नीरा म्हणतात. माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. झाडाचंच नाव पाण्याला द्यायचं, एवढी साधी रीत आहे ही. आमच्या मराठीच्या पुस्तकात एका धड्यात 'ताडमाड वाढलेला' असं आलं होतं. आमच्या परसातली दोन्ही झाडं छापलेल्या पुस्तकात शेजारीशेजारी उभी होती, आणि वर्गात कुणी हसलं नाही. एरवी हसायचे.

हसायचे ते हाळीमुळे. ताडावर चढलं की खालच्या सगळ्या आळीची परसं दिसतात. तेव्हा न्हाणीला छप्पर नसायचं, चार झावळ्यांचा आडोसा असायचा. म्हणून चढण्याआधी मोठ्याने हाळी द्यायची, 'चढतोऽ वो', आणि बायकांना आवरायला वेळ द्यायचा, अशी आमच्या लोकांची शिस्त. जो हाळी न देता चढेल त्याला आळीत उभं करत नसत. शाळेच्या मागेच बाबांचे दोन ताड होते. दुपारच्या तासाला बाबांची हाळी खिडकीतून आत यायची आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा. 'ताडीवाल्याची' हे माझं नाव तिथेच पडलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा असे, तिथे मी वर्षानुवर्षं 'शेती' लिहिलं. एकदा धीर करून 'नीरा विक्री' लिहिलं, कारण नीरा आमचे गुरुजीही पालघर स्टेशनच्या टपरीवर पीत आणि प्रकृतीला चांगली म्हणत. बाबा सही करायला बसले आणि त्यांनी ते अक्षर लावून वाचलं. काही बोलले नाहीत. सही केली. मला वाटतं, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढे कळत गेलं की हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडात वेगळा असतो. आमच्या गावातल्या पानवेलीच्या वाडीत डोंगराकडच्या पाड्यावरून एक वारली आजी कामाला येई. ती पेला हातात आला की आधी चार थेंब जमिनीवर सोडायची. कुणासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "जे गेले त्यांना. त्यांच्याआधी मी कशी पिवू?" तिच्या घरचं लग्न ताडीशिवाय लागत नसे आणि मयतही ताडीशिवाय उठत नसे. कोळीवाड्यातून बोंबील घेऊन येणारी मावशी ताडीला औषध म्हणायची, आणि औषध ती रोज घ्यायची. कारखान्यात आमच्या इथे पोती भरायला बिहारकडचा एक माणूस आहे. त्याला एकदा डब्यासोबत बाटलीभर सकाळची नेऊन दिली. त्याने एक घोट घेतला, लगेच आणखी एक घेतला. मग म्हणाला, "दीदी, हमारे यहाँ चैत में ऐसी ही ताड़ी उतरती है." गावाकडे तीन वर्षांत गेला नव्हता तो. त्याने बाटली उरलेल्या रसासकट कपाटात ठेवून दिली, आणि संध्याकाळी ती बुचासकट फुटली. आमचं सगळं पॅकिंग खातं आंबूस वासाने भरून गेलं आणि मला साहेबांची बोलणी खावी लागली.

आणि माझ्यासाठी? माझ्यासाठी ताडी म्हणजे दुपारचे तीन.

हे समजायला कामाची रीत सांगावी लागेल. ताडाला फुलोऱ्याचे दांडे येतात. ते दांडे दाबून, बांधून, त्यांच्या टोकाचा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ काप काढायचा, की तिथून थेंब थेंब रस गळतो. खाली मडकं बांधायचं. तो काप रोज काढावा लागतो, पहाटे एकदा आणि दुपारी तीनला एकदा. नाही काढला तर जखम सुकते. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी धार बारीक होते, चौथ्या दिवशी ताड आटतो. मग त्या हंगामात तो पुन्हा वाहत नाही, पुढच्या वर्षी नवा फुलोरा येईपर्यंत वाट बघायची. दुसऱ्याला सांगून काम भागत नाही. हंगामात प्रत्येकाला स्वतःचेच ताड उरकत नाहीत, आणि ज्याचा त्याचा काप वेगळा असतो. त्यामुळे पौषापासून पाऊस लागेपर्यंत ताडी काढणाऱ्या माणसाला सुटी नाही. लग्न नाही, जत्रा नाही, पाहुण्याकडे मुक्काम नाही.

माझ्या लहानपणीच्या सगळ्या आठवणींत तीन वाजतात आणि बाबा उठून जातात. सातवीत मला निबंधाचं बक्षीस मिळालं, गॅदरिंग चारला होतं. बाबा आले नाहीत. बारावीचा निकाल लागला त्या दुपारी पेढे घेऊन धावत आले तर बाबा वर, झाडावर. मी खालून ओरडून मार्क सांगितले. त्यांनी वरून विचारलं, "कोनाचे?" आज सांगताना हसू येतं. तेव्हा मी पेढ्यांचा पुडा झाडाच्या मुळाशी आपटून घरी गेले होते.

आणि माझं लग्न. पालघरच्या हॉलमध्ये, वैशाखातला दुपारचा मुहूर्त. बाबांनी कन्यादान केलं, व्याह्यांच्या पाया पडले, पंगतीत वाढलं. पाठवणीच्या वेळी मी त्यांना शोधते आहे तर बाबा नाहीत. अडीचच्या एस.टी.ने गेले होते. नंतर आळीतल्या बायकांनी कौतुकाने सांगितलं की नवा शर्ट, डोक्याला फेटा, अशा थाटात त्यांना त्या दिवशी ताडावर चढताना पाहिलं. सगळे हसले. मी सासरच्या गाडीत बोईसरपर्यंत रडत गेले, आणि लोकांना वाटलं माहेर सुटलं म्हणून रडते आहे. मी रागाने रडत होते. ताडापुढे आम्ही कुणी नाही, हे मी त्या दिवशी मनात पक्कं लिहून ठेवलं, आणि नंतर कधी खोडलं नाही.

आता यंदाची गोष्ट. बाबांनी बाकीचे ताड सोडले, पण घरामागचा एक ठेवला होता. मी ओरडायची, आई ओरडायची, ते ऐकून घ्यायचे आणि तीन वाजले की जायचे. जानेवारीत मी त्यांना बळेच बोईसरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, कारण आईने सांगितलं की ते चहाच्या कपाच्या बाजूला हात नेतात. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पार पिकलेला. डावा आधीच अधू. डॉक्टर म्हणाले, डोळ्यातला दाब वाढायला लागलाय, आठ दिवसांत ऑपरेशन करा. उशीर केलात तर नंतर काढूनही उपयोग नाही, नजर गेली ती गेली. आणि ऑपरेशननंतर महिनाभर वाकायचं नाही, जोर करायचा नाही.

"चढायचं?" बाबांनी विचारलं.

डॉक्टर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस खरंच विचारतो आहे.

रिक्षात बाबा एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून रस्ता बघत होते. घरी पोचल्यावर आईला म्हणाले, "पाऊस लागला का करू. आता कालच तर ताड सुटलाय." सुटलाय म्हणजे नुकता वाहायला लागलाय. म्हणजे पाच महिने थांबायचं. म्हणजे डोळा जाणार. आणि तोवर जवळजवळ आंधळा माणूस दिवसातून दोनदा ताडावर चढणार.

मी आठवडाभर रोज फोन केला. बाबा फोनवर यायचेच नाहीत. रविवारी सकाळी मी जाऊन ओटीवर बसले आणि माझा तोल गेला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं. बक्षीस, निकाल, पाठवणी. "एका झाडापायी डोळा घालवनार तुमी? घालवा. आमी तुमाला कदी दिसलोच कुठं? तुमाला ताडच दिसला जन्मभर." असं म्हणाले मी. भांडताना माझ्या तोंडात गावचीच भाषा येते. बाबा खाली बघत होते. मग उठले, कोयता घेतला आणि मागच्या दाराने गेले. तीन वाजले नव्हते, सकाळचे दहा वाजले होते. नुसतेच झाडाखाली जाऊन बसले.

आई आतून सोललेल्या वालाची परात घेऊन आली. माझ्यासमोर बसली.

"तुला म्हाईत नाय म्हनून बोलतेस," ती म्हणाली. "ताड आटले त्या सालचं तुला म्हाईत नाय."

आमच्या घरात काळ मोजायची ही एक खूण आहे. छप्पर बदललं ते ताड आटले त्याच्या पुढच्या साली. चुलतभावाचा जन्म ताड आटले त्याच्या आधी. त्या साली बाबा बोईसरला पोती उचलायला जात होते, हेही मी ऐकलेलं होतं. पाऊस कमी झाला असेल, म्हणून आटले असतील, असं मी गृहीत धरलं होतं. कुणाला कधी विचारलं नव्हतं. शब्दकोशात ताडी शोधणाऱ्या मला घरातलं हे एक वाक्य विचारावंसं वाटलं नव्हतं.

"पान्यानं नाय आटले," आई म्हणाली. "तू पाच वर्साची होतीस. ताप डोक्यात गेला तुझ्या. पालघरला सरकारी दवाखान्यात बारा दीस होतीस. तुझा भाऊ आठ दिसांचा, मी बाजेवर. मी कशी येनार? हे ऱ्हायले तुझ्याजवळ. तेव्हा नऊ ताड होते यांचे, भर हंगाम. लोक सांगायला आले, एक येळ घरी जाऊन काप काढून या, पोरीकडं आमी बसतो. हे उठले नाय. तू यांचं बोट धरून झोपायचीस म्हने, सोडवलं का रडायचीस. चौथ्या दिसाला नऊच्या नऊ आटले."

मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाही?

"ते बोलले, पोरीला सांगू नको. तिला वाटंल तिच्यामुळं आटले."

मी परातीतले वाल उगाचच चाळत होते. रडू येत होतं आणि स्वतःचा राग येत होता, दोन्ही एकदम. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि इतक्या वर्षांचा हिशोब एका वाक्यात उलटा झाला होता. मला त्या बारा दिवसांतलं काहीही आठवत नाही. एक पंखा आठवतो, कर्रकर्र वाजणारा, आणि तोही खरा की मागून ऐकलेला, कुणास ठाऊक.

मी परसात गेले. बाबा ताडाला टेकून बसले होते. मी शेजारी बसले. माफी मागायची होती, पण आमच्या घरात तसं बोलायची सवय नाही.

"बाबा, माझ्यापायी नऊ आटवले तुमी," मी म्हणाले. "एक स्वतःपायी आटवा."

ते माझ्याकडे बघायला वळले. उजव्या डोळ्याला मी दिसत नव्हते, म्हणून त्यांनी मान आणखी वळवली आणि डाव्या डोळ्याने बघितलं.

"म्हातारीनं सांगितलं?"

"हो."

कोयत्याचं पातं पुसत म्हणाले, "भाताएवढं ऊन होतं तुझं अंग." मग मला कळेना की भाताएवढं म्हणजे किती, आणि विचारायची हिंमत झाली नाही. ते पुढे म्हणाले, "आज दुपारचा काप काढतो. मग जाऊ."

त्यांना अडवायला हवं होतं, हे मला कळत होतं. मी अडवलं नाही. शेजारच्या दोन माणसांना बोलावून घेतलं, बाबांच्या कमरेला दुसरा दोर बांधायला लावला आणि त्याचं टोक त्या दोघांच्या हातात दिलं. बाबांना तो अपमान वाटला, पण चालवून घेतला. तीन वाजले. त्यांनी झाडाला हात लावून नमस्कार केला आणि हाळी दिली, "चढतोऽ वो." आता आळीत सगळ्यांच्या न्हाण्या पक्क्या आहेत, टाइल्सच्या. बायकांनी तरीही खिडक्यांतून डोकी काढून बघितलं. मी खाली उभी राहून त्यांचं एकेक पाऊल मोजत होते. शाळेत असताना ही हाळी ऐकून बाकाखाली जावंसं वाटायचं. त्या दिवशी मला ती पालघर स्टेशनपर्यंत ऐकू जावी असं वाटत होतं.

बाबा वर गेले, काप काढला, मडकं उतरवून घेऊन आले. नवं मडकं त्यांनी बांधलं नाही. खाली आल्यावर पहिली धार त्यांनी बुंध्याशी ओतली, नेहमीसारखी. उरलेली तांब्यात घालून मला दिली. दुपारची होती, जिभेला चावत होती. मी सगळी प्यायले. आई म्हणाली, आता हिला गाडी चालवू देऊ नका. रिक्षाने बोईसरला गेलो आम्ही.

ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात एक मुलगी फॉर्म भरून घेत होती. नाव, वय, साखर, रक्तदाब. मग व्यवसाय. मी "ताडी काढतात" असं सांगितलं, जरा मोठ्यानेच. बाकावर बसलेले दोघेतिघे वळून बघायला लागले. मुलीने विचारलं, म्हणजे शेती लिहू का? मी म्हणाले, नाही, ताडी काढतात असंच लिहा. बाबा शेजारी बसून होते. त्यांनी पायातल्या चपला उगाचच सरळ केल्या.

सोमवारी सकाळीच ऑपरेशन झालं, नीट झालं. डोळ्याला हिरवी पट्टी लावून बाबा दुपारच्या आत आमच्या फ्लॅटमध्ये आले. आमची गॅलरी एमआयडीसीच्या रस्त्यावर आहे. समोर पाळीच्या बसेस उभ्या राहतात, रिक्षावाले हिंदीत भांडतात, हवेला औषधाचा वास असतो. ताड सोडा, एक झाड दिसत नाही. बाबांना खुर्ची दिली. पहिल्या दिवशी तीनला दोन मिनिटं असताना ते उठले आणि दारापर्यंत गेले. दाराला हात लावून परत आले. दुसऱ्या दिवशी उठले आणि पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी नुसतंच विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. "धार बारीक झाली आसल," ते म्हणाले.

चौथ्या दिवशी मी रजा वाढवून घेतली. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मी दुसरी खुर्ची ओढून गॅलरीत त्यांच्याजवळ बसले. खाली दुसऱ्या पाळीची बस भरून निघाली. तीन वाजले. बाबा उठले नाहीत. त्यांनी वेळही विचारली नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "आटला."

मी त्यांचा हात धरला. कोयत्याच्या मुठीने तळव्याला पडलेले घट्टे मी कधी नीट हाताळले नव्हते. चार वाजेपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहायला घेतलं की दुपारी तीन वाजता बाबा माझ्याजवळ बसून राहिले, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. मग ते खोडलं. त्याआधी बारा वेळा झालं होतं. मी तापात होते, आणि त्यांचं बोट धरून झोपले होते.